वाचविलेला पाय : हाड, धातू आणि औषध यांची हकीकत

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला, की माजलगाव तालुक्यात मुकादम कोयते मोजू लागतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचलही त्याच हिशेबाने मिळते. अशा घरातल्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोराच्या गुडघ्याशी सूज दिसली, तर ‘कुठे तरी मार लागला असेल’ म्हणून ती तेलाने चोळली जाते. खरे सांगावयाचे तर एका घरी चोळण्याचा सल्ला आम्हीच दिला होता. त्याचे ओझे अजून उतरलेले नाही. पुढे एस.टी.ने परभणी आणि तेथून रात्रीच्या गाडीने मुंबई, असा प्रवास करून तो मुलगा मोठ्या इस्पितळात पोहोचला. डॉक्टर म्हणाले, ‘पाय वाचवू.’ त्यावर बापाने विचारले, ‘वाचलेला पाय मोळी उचलील का?’

आम्ही वैद्य नव्हे. शाळाही आमची लवकर सुटली. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर शोधावयास म्हणून जे वाचावयास घेतले, त्यातून एक इतिहास हाती लागला. तो डॉक्टरांचा आहे तितकाच लेथ चालविणाऱ्या कारागिरांचाही आहे, म्हणून तो येथे सांगण्याचे धाडस करीत आहोत.

वाढत्या वयात, बहुधा गुडघ्याच्या आसपास, हाडाचा जो कर्करोग होतो त्यास ऑस्टिओसार्कोमा म्हणतात. १९७० सालापर्यंत त्यावर एकच इलाज होता : पाय कापणे. आणि पाय कापूनही पाचांपैकी चार रुग्ण पुढे दगावत. कारण रोग डोळ्यांना दिसण्यापूर्वीच त्याचे कण रक्तावाटे फुप्फुसात जाऊन बसलेले असत. करवत कितीही वर चालविली तरी तेथवर पोहोचत नसे.

हाडाच्या जागी धातू बसविण्याची कल्पना मात्र त्याआधीची आहे. १९४० साली अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन या दोन शल्यविशारदांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा, गाठीने पोखरलेला भाग काढून तेथे कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा सुमारे फूटभर लांबीचा तुकडा बसविला. ती गाठ कर्करोगाची म्हणावी अशी नव्हती. पुन्हा पुन्हा उद्भवणारी होती इतकेच. तरी मनुष्य धातूच्या हाडावर उभा राहू शकतो, एवढे सिद्ध झाले. कर्करोगात याचा उपयोग काय, हा प्रश्न शिल्लकच राहिला. ज्याचे आयुष्यच वर्षा-दीड वर्षाचे, त्याचा पाय वाचवून तरी काय करावयाचे?

ही कोंडी औषधांनी फोडली. त्यांतील एकाचे मूळ आपल्या देशातील माणसाशी जुळते, याचा आम्हांस विशेष आनंद वाटतो. आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेस गेले आणि तेथील लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखाली मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या जातीची औषधे तयार झाली. १९४८ साली ते वारले. पुढे १९७० नंतरच्या दशकात बोस्टनच्या नॉर्मन जाफी यांनी हेच औषध प्रचंड मात्रेत देऊन, मागोमाग त्याचा उतारा देण्याची पद्धत या हाडाच्या रोगात वापरली. त्याच सुमारास इटलीत मातीतील जंतूपासून काढलेले अ‍ॅड्रियामायसिनही उपयोगी ठरले. फुप्फुसातल्या लपलेल्या कणांपर्यंत करवत जात नव्हती, औषध गेले. पाचांपैकी एकाऐवजी तिघे जगू लागले.

येथून पुढची गोष्ट आम्हांस फार आवडते. न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग इस्पितळात राल्फ मार्कोव्ह आणि जेराल्ड रोझेन हे पाय वाचविण्याचा प्रयत्न करीत होते. धातूचे हाड त्या काळी तयार मिळत नसे. रुग्णाचे माप घ्यावयाचे, ते कारखान्यात धाडावयाचे, आणि कारागिराने ते घडवून पाठवीपर्यंत दोन-तीन महिने थांबावयाचे. एवढा काळ रोग मोकळा कसा सोडावयाचा? म्हणून त्यांनी औषध शस्त्रक्रियेच्या आधीच सुरू केले. मग हाड काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो बऱ्याच गाठी आतून मेलेल्या आढळल्या! गाठीचा नऊ-दशांशाहून अधिक भाग मेला असेल तर रुग्ण जगण्याची आशा मोठी, हे त्यातून कळले. आज जगभर ‘आधी औषध, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा औषध’ हा जो क्रम चालतो, त्याचा उगम असा कारखान्याच्या दिरंगाईत आहे. मालकाने कामगाराच्या माथी मारलेल्या दिरंगाया आम्ही पुष्कळ पाहिल्या. कोणाचे आयुष्य वाढविणारी ही एकच. १९८६ साली अमेरिकेत २२७ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली, आणि पाय राखल्याने जीव अधिक जात नाही, हे दिसून आले. कापण्याची सक्ती तेव्हा संपली.

पण जे औषध रोगाशी लढते तेच नव्या हाडाशीही भांडते. हे भांडण समजून घेतल्याखेरीज वाचलेल्या पायाची किंमत कळावयाची नाही.

धातूची दांडी उरलेल्या हाडाच्या पोकळीत दोन तऱ्हांनी बसवितात. एक, अ‍ॅक्रिलिकच्या सिमेंटने : गवंडी खांब रोवतो तशी, ती तत्काळ घट्ट होते. दुसरी, सिमेंटविना : दांडीचा पृष्ठभाग खडबडीत ठेवावयाचा आणि हाडानेच वाढून त्यास मिठी मारावयाची. हाड आणि टिटॅनियम यांचे असे सख्य जमते हे स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांच्या ध्यानी १९५२ साली सशाच्या हाडावर प्रयोग करताना आले. ही मिठी बसावयास कित्येक आठवडे, महिने लागतात. आणि शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांत, टाके सुकले न सुकले तोच, औषधांच्या फेऱ्या पुन्हा सुरू होतात! औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारते. त्यास रोगी पेशी आणि हाड बांधणारी पेशी यांतला भेद कळत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा औषधांच्या अमलाखाली हाड धातूत कमी शिरलेले आढळले. माणसांत मात्र औषधे थांबल्यावर हाड पुष्कळदा आपला वेग परत मिळविते. सिमेंटला ही अडचण सुरुवातीस नाही, पण वर्षे लोटली की तेही सैल होऊ शकते. दात्याचे हाड बसविले तर सांधा जुळावयास औषधांमुळे अधिकच उशीर लागतो.

किरणोपचाराचा परिणाम याहून चिवट. ऑस्टिओसार्कोमा किरणांना सहसा दाद देत नाही. युइंग नावाचा दुसरा हाडाचा कर्करोग देतो. परंतु किरण पडलेल्या हाडातील बारीक रक्तवाहिन्या अरुंद होतात आणि ते नुकसान उपचारानंतर वर्षानुवर्षे राहते. तेथे जखम भरत नाही, हाड मोडते, धातूभोवती पू होतो.

पू हा तर या शस्त्रक्रियेचा खरा वैरी. औषधाने पांढऱ्या पेशी घटलेल्या, धातूवर जंतूंना घर करावयास जागा, आणि नडगीवर मांसाचे पांघरूण नाही. म्हणून पोटरीचा स्नायू वळवून धातूवर आणतात. ‘पॅरिटी’ नावाच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ६०४ रुग्णांपैकी काहींना एक दिवस व काहींना पाच दिवस प्रतिजैविके दिली. तिचे निष्कर्ष २०२२ साली आले : पहिल्या गटात १६.७ व दुसऱ्यात १५ टक्के रुग्णांस जंतुसंसर्ग झाला, म्हणजे फरक असा नाहीच. पू आटोक्यात आला नाही तर धातू काढावा लागतो, आणि कधी शेवटी पायही.

आता मुंबईकडे वळू. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला सुरू झाले. १९५७ साली ते केंद्र सरकारकडे आले आणि १९६२ साली अणुऊर्जा खात्याकडे गेले. मराठवाड्यातील गरिबाची कर्करोगाची वाट बहुधा तेथेच जाऊन थांबते. परदेशी धातूच्या हाडाची किंमत लाखांत. देशी स्वस्त हाडे निघाली, पण ती मोडत. म्हणून तेथील डॉक्टर, मुंबईची आयआयटी आणि हैदराबादचे अलोह धातूंचे संशोधन केंद्र यांनी मिळून टिकाऊ देशी हाड घडविण्याचा प्रकल्प हाती घेतला. दुसरी युक्ती त्याहून स्वस्त आहे. रुग्णाचेच रोगी हाड काढून, साफ करून, शरीराबाहेर त्यावर ५० ग्रे इतका किरणांचा एकच जबर मारा करावयाचा, आणि तेच पुन्हा जागी बसवून पट्टी-स्क्रूंनी जखडावयाचे. माप अचूक, खर्च थोडा. पण ते हाड मेलेले असते. जिवंत हाडाने दोन्ही टोकांकडून त्यास धरावयाचे असते, आणि वरून औषधे चालूच. हाडाच्या मधल्या नळीतील जोड तर सांध्याजवळच्या जोडापेक्षाही उशिरा जुळतो. तोवर त्या पायावर भार द्यावयाचा नाही.

बापाच्या प्रश्नाचे उत्तर येथे येते. धातूच्या गुडघ्यावर मनुष्य चालतो, खुर्चीवर बसतो, शाळेत जातो. उकिडवे बसणे अवघड. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणे तर डॉक्टर स्पष्ट नाही म्हणतात, कारण भार पडेल तशी दांडी सैल होते. लहान मुलांसाठी आणखी एक विचित्र वाटणारी शस्त्रक्रिया आहे : गुडघ्याचा भाग काढून खालचा पाय उलटा फिरवून मांडीस जोडतात, घोटा गुडघ्याचे काम करतो, आणि त्यात कृत्रिम पाय बसवितात. त्यात सैल व्हावयास धातूचा सांधा नाही. ती पाहून आईबाप दचकतात. आम्हीही दचकलो होतो. पण कष्टाने जगणाऱ्यास तीच अधिक सोयीची पडेल की काय, असे आता वाटते.

आम्ही सांगितलेल्या मुलाच्या मांडीत देशी धातू बसला. औषधांच्या फेऱ्या ऐन हंगामात आल्या. आई मुंबईस धर्मशाळेत राहिली, बाप अर्धा कोयता म्हणून एकटाच फडावर गेला, आणि मुकादमाने उचल निम्मी केली. फिरलेली रक्कम मिळावी म्हणून आम्ही दोन हंगाम भांडलो. काही मिळाली, काही बुडाली. मुलगा आता गावात मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवितो. स्टूल उंच करून घेतले आहे. वर्षातून एकदा, ताप आला तर लगेच, तो मुंबईस जाऊन पायाचा फोटो काढून येतो, आणि मागील वर्षाच्या फोटोशेजारी धरून दांडीभोवतीची काळी रेघ रुंदावली की नाही, हे आम्हांसही दाखवितो.