जर्मनीला बसलेला ‘पिसा’चा धक्का

आपली मुले इतर देशांच्या मुलांपेक्षा मागे आहेत, हे कोणाला ऐकायला आवडेल? जर्मनीला ते ४ डिसेंबर २००१ रोजी ऐकावे लागले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने, म्हणजे ओईसीडीने, ३२ देशांतील १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांची वाचन, गणित आणि विज्ञान यांत चाचणी घेतली होती. ‘पिसा’ हे तिचे नाव. वाचनात फिनलंड ५४६ गुण मिळवून पहिला आला. जर्मनीला मिळाले ४८४ गुण आणि ३१ देशांच्या यादीत एकविसावे स्थान. ‘शाकुंतला’वर लुब्ध झालेल्या गटेचा हा देश! वृत्तपत्रे अनेक दिवस याच विषयाने भरून गेली होती.

वास्तविक १९९७ मध्ये गणित-विज्ञानाच्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीनेही जर्मन मुले मध्यमच असल्याचे दाखवले होते. त्यानंतरच तिथल्या राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी अशा तुलनेत नियमित उतरायचे ठरवले. म्हणजे हा आरसा त्यांनी स्वतःच मागवला होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

क्रमांकाची चर्चा फार झाली. मला मात्र अहवालातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आई-वडिलांची परिस्थिती आणि मुलाचे गुण यांचे नाते जर्मनीत इतर बहुतेक देशांपेक्षा घट्ट निघाले. त्याचे एक कारण शाळेच्या रचनेत शोधले गेले. बहुतेक राज्यांत चौथीनंतर, दहाव्या वर्षीच, मूल विद्यापीठाकडे नेणाऱ्या ‘गिम्नाझियम’मध्ये जाणार की दुसऱ्या शाळेत, हे ठरत असे. शाळाही दुपारपर्यंतच. उरलेला अभ्यास घरी. आणि घरी शिकवणारे कोणी नसेल तर?

पुढे हालचाल झाली. शिक्षण हा तिथे १६ राज्यांचा विषय, तरीही २००३-०४ मध्ये सर्वांसाठी समान शैक्षणिक मानके ठरली आणि ती तपासण्यासाठी बर्लिनमध्ये संस्था निघाली. दिवसभराच्या शाळांसाठी केंद्राने चार अब्ज युरो दिले. २०१२ पर्यंत वाचनाचे गुण ५०८ झाले.

दहाव्या वर्षीच्या निवडीला हात लावणे मात्र जमले नाही. हॅम्बुर्गमध्ये प्राथमिक शाळा सहा वर्षांची करायचा निर्णय झाला, विधिमंडळातले सगळे पक्ष त्याच्या बाजूने होते. पण विरोधक पालकांनी सार्वमत घडवून आणले आणि १८ जुलै २०१० रोजी मतदारांनी तो फेटाळला. ज्यांची मुले गिम्नाझियममध्ये जाणारच होती, त्यांना बदल नको होता. अहवालाला मत नसते, पालकांना असते.

आपल्याकडे तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश या चाचणीत उतरले होते. २०११ च्या अखेरीस निकाल लागला, दोन्ही राज्ये यादीच्या तळाशी होती. प्रश्न आपल्या मुलांना परके होते, असे म्हटले गेले. त्यात तथ्य असेलही, पण पुढच्या फेरीत भारत उतरलाच नाही. जर्मनी उतरत राहिला. २०२२ च्या फेरीत त्याचे वाचनाचे गुण ४८० वर, म्हणजे २००१ मध्ये जाहीर झालेल्या आकड्याच्याही खाली आले. करोनाकाळात शाळा बंद होत्या हे खरे, पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती.