तलावाकाठचा उतारा

कंधारच्या तलावाला लागून आमचं वावर. जगत्तुंगसमुद्र हे या पाण्याचं जुनं नाव. दर्यापासून इतक्या लांबच्या आमच्या मुलखाला किनारा म्हणून ठाऊक आहे तो हाच. बांधावर चिंचेची थोराड झाडं आणि त्यांच्याखाली पडीक ठेवलेली थोडी जमीन. तिच्यावर नांगर घालायचा नाही, हा आमच्या घरचा दंडक. कारण ती वाटसरूंच्या उताऱ्याची जागा.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला माळेगावच्या खंडोबाची यात्रा भरते. आजोबांच्या काळी मुखेड-देगलूरकडच्या बैलगाड्या, घोड्यांचे व्यापारी, वाघ्या-मुरळी असे कितीतरी लोक जाता-येता आमच्याकडे मुक्कामाला थांबत. गाडी दिसली की गावाचं नाव विचारण्याआधी आजोबा म्हणत, "बैलं सोडा, पाणी पाजा, मग बोलू." जू उतरलं की गडद तांबड्या लाल कंधारी बैलांच्या जोड्या पाण्याकडे ओढ घेत. बायका तीन दगडांची चूल मांडत, आजी घरून ताकाची चरवी धाडी. पैसा कुणाकडून घेतला नाही. परतीच्या वाटेवर लोक आजीच्या हातावर चिमूटभर भंडारा ठेवत, तो देव्हाऱ्यात जाई.

"तळं राजानं बांधलं, आपण नुसती जागा दिली," असं आजोबा म्हणायचे. पुढे वाचायला लागल्यावर त्या बोलण्यामागचा काळ उलगडला. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळातल्या, म्हणजे दहाव्या शतकातल्या कंधारच्या शिलालेखात या जगत्तुंगसमुद्राचं नाव आहे आणि सर्वलोकाश्रय नावाच्या मंडपाचंही. इथला किल्ला पुढे बहमनी, निजामशाही, मोगल आणि शेवटी हैदराबादच्या निजामाकडे गेला. धनी बदलले, पण खंडोबाला निघालेला असो की हाजी सय्याह यांच्या दर्ग्याला आलेला, वाटसरू पाण्याकाठी टेकतच राहिला.

आजी सांगायची ती रझाकारीची गोष्ट. याच तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत अप्पासाहेब नाईक आणि त्यांचे साथीदार रझाकारांशी लढले. त्या दिवसांत मुक्कामाला आलेली माणसं बैलांच्या घागरमाळा काढून गोणपाटात गुंडाळत आणि दिवस मावळायच्या आत चुली विझवत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली, निजामाची राजवट संपली. "त्या साली घागरमाळा लांबूनच ऐकू आल्या," हे सांगताना आजीचा आवाज चढायचा.

चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या, आमची येळवस. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, त्यांना आंबिलीचा नैवेद्य दाखवायचा. ताकात ज्वारीचं पीठ कालवून रात्रभर आंबवलेली ती आंबील, लसणाच्या वासाची. सोबत ओला हरभरा, तुरीचे दाणे, पालेभाज्या घालून डाळीच्या पिठात शिजवलेली भज्जी आणि बाजरीचे उंडे. यात्रेहून परतणाऱ्यांचं पान कोपीजवळ ठरलेलंच. बहात्तरच्या दुष्काळात घरात रेशनची मिलो ज्वारी होती आणि बाप्ये-बाया खडी फोडायला जात. तरी त्या येळवशीला मिलोच्या पिठाची आंबील झाली आणि आजीनं ती पाहुण्यांना आधी वाढली. विहिरीचं पाणी बादलीनं मोजून घ्यायचे ते दिवस, पण परक्याच्या बैलांची बादली त्या मोजणीत धरलेली असे.

आता यात्रेकरू टेम्पो-जीपनं थेट माळेगाव गाठतात. पुतण्यानं चिंचेखाली चार राहुट्या उभारल्यात. किल्ला बघायला येणारी शहरातली कुटुंबं तिथं राहतात, त्याची आई भाकऱ्या थापते आणि नव्या सुनेला भज्जीचं प्रमाण शिकवते. या कोरडवाहू मुलखात घराला असा जोडधंदा हवाच, माझा त्याला पाठिंबा आहे. किल्ला सरकारनं सांभाळावा, शिलालेख अभ्यासकांनी वाचावेत; दमून आलेल्याला जागा आणि पाणी देण्याची रीत मात्र घरंच पुढे नेऊ शकतात. म्हणून पुतण्याकडून एक कबूल करून घेतलंय: यात्रेच्या दिवसांत भाड्याची वही मिटलेली राहील आणि येईल त्याला उतारा मिळेल.