सहकार, पाणी आणि वीज : सातारा-सांगलीच्या संदर्भात ग्रामीण वीज सहकारी संस्थांचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पश्चिम महाराष्ट्रातील सहकारी चळवळीचा इतिहास साखर कारखाने, दूध संघ, सूतगिरण्या आणि पतसंस्था यांच्या आधारे विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांत सहकाराने ग्रामीण अर्थकारणाची बहुतेक क्षेत्रे व्यापली. वीजवितरण मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिले. त्याच काळात नगर जिल्ह्यात मुळा-प्रवरा आणि बेळगाव जिल्ह्यात हुक्केरी येथे ग्राहकांच्या मालकीच्या वीज संस्था उभ्या राहिल्या. वीज गेल्यावर सभासदाने दाद कोणाकडे मागावी, हा प्रश्न केंद्रस्थानी ठेवून या दोन मार्गांची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोयना आणि कृष्णाकाठ

सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पाचे काम 1954 मध्ये सुरू झाले आणि 1962 पासून वीजनिर्मितीस प्रारंभ झाला. धरण साताऱ्यात असले तरी वीजगृह सह्याद्रीपलीकडे पोफळी येथे आहे. त्यामुळे कृष्णा खोऱ्याचे पाणी पश्चिमेकडे वळवून वीज निर्माण होते आणि तिचा मोठा भाग मुंबई-पुण्याच्या उद्योगांनी वापरला. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाने येथील वीजपुरवठा खंडित झाला, तेव्हा मुंबईचे कारखानेही थांबले. वीज एका ठिकाणी निर्माण होते, परंतु तिच्या खंडाची झळ दूरवर पोहोचते, ही बाब त्या घटनेने स्पष्ट केली.

कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला वीज हवी होती ती प्रामुख्याने पाणी उचलण्यासाठी. नदी खोल आणि शेते उंचावर असल्याने या दोन्ही जिल्ह्यांत सहकारी पाणीपुरवठा संस्था स्थापन झाल्या. काठावर जॅकवेल, तेथून चढावर नेलेली जलवाहिनी, पाळीपत्रक आणि पाणीपट्टी अशी त्यांची रचना असे. पाळी कोणाची, पट्टी किती, याचा निर्णय सभासद घेत. वीज मात्र 20 जून 1960 रोजी स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडून येई. परिणामी पाळी चुकल्यास सभासद संस्थेच्या अध्यक्षांना जाब विचारू शके. परंतु पाळी चुकण्याचे कारण वीज असेल, तर अध्यक्षही मंडळाच्या कार्यालयात अर्जदारच ठरत.

मालकीचा दुसरा मार्ग

अमेरिकेत 1935 मध्ये ग्रामीण विद्युतीकरण प्रशासन स्थापन झाले आणि त्याच्या कर्जातून शेतकऱ्यांच्या वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या. भारतात 25 जुलै 1969 रोजी ग्रामीण विद्युतीकरण निगमाची स्थापना झाल्यावर हाच प्रयोग काही निवडक क्षेत्रांत करण्यात आला. आंध्र प्रदेशातील सिरसिला, गुजरातमधील कोडिनार, उत्तर प्रदेशातील लखनौ, कर्नाटकातील हुक्केरी आणि महाराष्ट्रातील मुळा-प्रवरा ही ती क्षेत्रे होत. मुळा-प्रवरेचे मुख्यालय श्रीरामपूर येथे होते. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरा परिसरात सहकारी साखर कारखाना आधीच उभा राहिला असल्याने या प्रयोगास अनुकूल भूमी लाभली होती. येथे ग्राहक हाच सभासद होता, संचालक मंडळ निवडून येई आणि वार्षिक सभेत कारभाराचा हिशेब मांडला जाई.

खंडित पुरवठ्याचे तीन प्रकार

या रचनेचे मूल्यमापन करताना वीज जाण्याची तीन कारणे वेगळी करणे आवश्यक ठरते. पहिले कारण रोहित्राचे, म्हणजे गावच्या बोलीतील ‘डीपी’चे, जळणे. वीज परत येताच स्वयंचलित स्टार्टरमुळे सर्व पंप एकदम सुरू होतात आणि रोहित्रावर क्षमतेपेक्षा अधिक भार पडतो. दुसरे कारण वादळाने तार तुटणे किंवा खांब पडणे. तिसरे कारण विजेचाच तुटवडा, म्हणजे भारनियमन.

पहिल्या दोन बाबतींत सहकारी रचना उपयुक्त ठरू शकते. दुरुस्तीची जबाबदारी तालुक्यातील संस्थेवरच असते. कपॅसिटर बसवणे, पंप टप्प्याटप्प्याने सुरू करणे, आकडे टाकू न देणे या गोष्टी सभासदांच्या संमतीने साधता येतात. तिसऱ्या बाबतीत मात्र मुळा-प्रवरा संस्थाही परावलंबी होती. तिच्याकडे तारा होत्या, पण ती घाऊक वीज मंडळाकडूनच घेत असे. मंडळाकडे तुटवडा असेल तर त्याचा भार तिच्याही सभासदांवर पडे. अमेरिकेत मात्र वितरण संस्थांनी एकत्र येऊन निर्मितीच्या स्वतंत्र सहकारी संस्था उभारल्या होत्या. हा महत्त्वाचा फरक येथे दुर्लक्षिला गेला.

थकबाकी आणि अखेर

घाऊक खरेदीचा दर आणि शेतीपंपाचा सवलतीचा दर यांतील तफावत संस्थेस पेलावी लागली. मतदार असलेल्या सभासदाची वीज तोडणे निवडून आलेल्या संचालकांना अवघड जाणार, हेही उघड होते. 6 जून 2005 रोजी मंडळाचे विभाजन होऊन महावितरण अस्तित्वात आली, तेव्हा थकबाकीचा वाद तिच्याकडे आला. 31 जानेवारी 2011 रोजी संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि वितरण महावितरणकडे गेले. हुक्केरीची संस्था मात्र त्यानंतरही टिकून राहिली. यावरून केवळ सहकारी स्वरूप हेच अपयशाचे कारण होते, असे म्हणता येत नाही.

निष्कर्ष

सातारा-सांगलीत पाणी सभासदांचे आणि वीज शासनाची, तर मुळा-प्रवरेत तारा सभासदांच्या आणि वीज शासनाची, अशी विभागणी दिसते. दोन्हीकडे जबाबदारी गावात आणि नियंत्रण गावाबाहेर राहिले. पुढे ताकारी, म्हैसाळ व टेंभू या शासकीय उपसा योजनांनाही थकीत वीजबिलांचा प्रश्न भेडसावला, म्हणजे केवळ मालक बदलल्याने तो सुटला नाही. आज या जिल्ह्यांतील सहकारी साखर कारखाने बगॅसपासून वीज निर्माण करतात आणि साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत. तरीही ही वीज सभासदाच्या पंपापर्यंत त्याच्या संस्थेमार्फत पोहोचत नाही. निर्मिती, वितरण आणि वसुली यांची सांगड घातल्याखेरीज मालकीला अर्थ प्राप्त होत नाही, हाच मुळा-प्रवरेच्या इतिहासाचा बोध होय. सौर कृषी वाहिन्यांची आखणी होत असताना तो विसरणे परवडणारे नाही.