मँचेस्टर, 1985: ब्रेक लागले, त्यानंतर

टेकऑफ अर्ध्यावर सोडावं लागलं की आपल्याकडची बातमी ठरलेल्या साच्यातून निघते. वैमानिकाने करकचून ब्रेक दाबले, टायर फुटले, प्रवासी थोडक्यात बचावले. विमान थांबलं की बातमीही थांबते. 22 ऑगस्ट 1985 रोजी मँचेस्टरला मात्र विमान धावपट्टीबाहेर न घसरता थांबलं आणि त्यानंतर माणसं मेली.

आदला दिवस

ब्रिटिश एअरटूर्सच्या बोइंग 737 च्या नोंदवहीत तक्रार आहे की डावं इंजिन वेग घ्यायला उशीर लावतंय. देखभालवाले जुळवाजुळव करतात. इंजिनाच्या पोटात इंधन जाळणारे डबे असतात. त्यातल्या नवव्या डब्याला पूर्वी तडा गेला होता आणि 1983 मध्ये वेल्डिंग करून तो पुन्हा बसवला होता. संथपणाचा धागा तिथवर पोचतो हे त्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

सकाळी 7:12

131 प्रवासी, 6 कर्मचारी. बहुतेक जण ग्रीसच्या कोर्फू बेटावर सुट्टीला निघालेले. टेकऑफची परवानगी मिळते. विमान सहवैमानिक चालवतो आहे.

धाव सुरू झाल्यावर 36 सेकंदांनी

वेग 125 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 230 किलोमीटर. ‘धप्’ असा आवाज होतो. नववा डबा फुटून त्याचा तुकडा इंजिनाबाहेर उडालाय आणि पंखाखालच्या इंधनटाकीच्या झाकणावर आदळलाय. हे झाकण आजूबाजूच्या पत्र्याच्या जेमतेम पाव ताकदीचं. इंधन सांडतं, पेटतं आणि विमानामागे ज्वाळांचा पट्टा ओढला जातो. कॉकपिटमधून तो दिसत नाही. कॅप्टनला वाटतं, टायर फुटला किंवा पक्षी आपटला. तो लगेच थांबायचा हुकूम देतो.

आता ब्रेकविषयी, कारण बातम्यांत नेमकं हेच गाळलं जातं. टेकऑफ सोडताना थ्रॉटल मागे घेतात, पंखांवरचे स्पॉयलर उभे करतात, चाकांचे ब्रेक लावतात आणि इंजिनांचा झोत उलटा फिरवतात. स्पॉयलरमुळे पंखांची उचल मोडून विमानाचा भार चाकांवर येतो. तो आला नाही तर ब्रेक कितीही दाबा, चाक नुसतं घसरतं. उलट्या झोताचा आवाज मोठा असतो, पण मुख्य भार ब्रेकच्या तबकड्यांवरच पडतो. वेग दुप्पट झाला तर त्यांना चौपट ऊर्जा पचवावी लागते. त्या लाल होतात, धुमसतात. चाकातले खास प्लग वितळून टायरची हवा आपणहून सोडतात, म्हणजे तो स्फोटासारखा फुटत नाही. आजच्या नियमांनुसार विमानाच्या चाचणीत झिजलेल्या ब्रेकवर असं थांबून दाखवावं लागतं आणि नंतरची पाच मिनिटं अग्निशमन दलाने जवळ जायचं नसतं. ‘चाकांनी पेट घेतला’ म्हणून जी दृश्यं वाहिन्यांवर फिरतात, त्यात अनेकदा ब्रेक आपलं काम चोख करत असतात.

मँचेस्टरला सहवैमानिक आधी पूर्ण ब्रेक दाबतो. टायर गेलाय अशा समजुतीत कॅप्टन त्याला जोर कमी करायला सांगतो. धावपट्टी तीन किलोमीटरची, पुढे जागा भरपूर. त्या समजुतीत हा सल्ला शहाणपणाचाच होता. फक्त समजूत चुकीची होती.

धप् झाल्यावर 9 सेकंदांनी

आगीची घंटा वाजते. नियंत्रण मनोरा आग पाहून सांगतो आणि प्रवाशांना उजव्या बाजूने उतरवा असं सुचवतो. विमान उजवीकडच्या जोडमार्गावर वळतं. वारा जेमतेम 7 नॉट, पण वळल्यावर तो डावीकडून येऊ लागतो आणि आग थेट प्रवाशांच्या डब्यावर ढकलतो. मागचं उजवं दार थांबण्याआधीच उघडलेलं. धूर तिथून आत शिरतो.

विमान थांबल्यावर

पुढचं उजवं दार अडकतं. पुढचं डावं साधारण 25 सेकंदांनी उघडतं. पंखावरच्या आपत्कालीन दाराशी बसलेली बाई ते उघडायला जाते, पण दाराच्या मुठीऐवजी खुर्चीचा हातच ओढत राहते. अखेर ते सुटतं तेव्हा सुमारे 22 किलोचं दार आत, तिच्याच अंगावर पडतं. दुसरा प्रवासी ते उचलून बाजूला टाकतो. तोवर पाऊण मिनिट गेलेलं. मागची माणसं खुर्च्यांवरून चढत पुढे येताहेत आणि पंखावरच्या दारासमोरची फट एका माणसापुरतीही धड नाही.

अग्निशमन दल तातडीने येतं, फेसही मारतं. पाणी संपल्यावर जवळच्या हायड्रंटना पाइप जोडावा तर दुरुस्तीमुळे तिथे पाणीच नाही.

55 जण दगावले, त्यात मागच्या दोन हवाईसुंदरी. बहुतेकांना भाजण्याआधीच विषारी धुराने गाठलं होतं.

अधिकृत तपासाने मूळ दोष इंजिनाच्या डब्याला दिला, पण आग इतकी का भडकली याचं पहिलं कारण म्हणून उभ्या विमानाची वाऱ्याच्या तुलनेतली दिशा नोंदवली. 1986 मध्ये ब्रिटनच्या विमान प्राधिकरणाने पंखावरच्या दारांपाशी जास्त मोकळी जागा सोडायला लावली. त्या रांगेत आता पाय ऐसपैस पसरता येतात आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी जादा पैसे घेतात.