बोट : ते आणि ती

हाताचे बोट आणि पाण्यावरची बोट यांत शुद्धलेखनाच्या दृष्टीने काडीचाही फरक नाही. फरक आहे तो लिंगाचा. ते बोट, ती बोट, बोटाला, बोटीला, बोटे, बोटी. 'बोट लागले' म्हणजे स्पर्श झाला. 'बोट लागली' म्हणजे आगबोट बंदरात आली, किंवा आत बसलेल्याला मळमळू लागले. हा शेवटचा अर्थ इंग्रजांनी दिलेला नाही. तो आपल्या 'लागणे'चा प्रताप; घाटात 'गाडी लागते' तीही त्याच घडणीची.

मूळ इंग्रजी शब्दाचे स्पेलिंगही सरळ नाही. मध्ययुगात तो दोन 'ओ' घालूनही लिहीत. डच आणि जर्मन भाषांत आजही तसाच लिहितात. इंग्रजीत मात्र त्याच अक्षरांचा आता पायातला बूट होतो!

पण खरी गंमत अर्थाची आहे. इंग्रज दर्यावर्दी 'बोट' म्हणतो ती लहान नावेला; मोठे जहाज म्हणजे 'शिप'. कोकणात हे नेमके उलटे झाले. दापोली तालुक्यातल्या बुरोंडीसारख्या मच्छीमार गावाला लहान नावेसाठी परका शब्द हवाच कशाला? होडी, मचवा, पडाव, गलबत अशी आकारानुसार आणि कामानुसार नावे होतीच. नाव नव्हते ते धूर सोडत येणाऱ्या लोखंडी जहाजाला. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली; पुढे कोकण किनाऱ्यावरही आगबोटी फिरू लागल्या. 'आग' आपली, 'बोट' त्यांची. रोजच्या बोलण्यात आग गळाली आणि नुसती 'बोट' उरली.

बुरोंडीच्या उत्तरेला हर्णै, दक्षिणेला दाभोळ. या दोन्ही बंदरांत बोट थांबे. हर्णैला ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून तिच्यापर्यंत जात. म्हणजे एकाच प्रवासात दोन वाहने, दोन शब्द, आणि कोणाचाही घोटाळा होत नसे. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. तिचा उल्लेख आजही 'रामदास बोट' असाच होतो. तिला कोणी जहाज म्हणत नाही.

उतारूंच्या आगबोटी बंद पडल्या, शब्द मात्र मोकळा झाला नाही. मच्छीमारांच्या नावांना इंजिने बसली आणि तो त्यांच्यावर जाऊन बसला. इंजिनाचा आवाज आला की ती बोट. इथे शब्द इंग्रजीतल्या आपल्या मूळ मापाकडे परतला खरा, पण त्याने मचवा आणि पडाव यांना जवळजवळ गिळले. सरकारी कागदावर 'नौका' असते, तोंडी 'बोट'. शिडाच्या जुन्या नावांना आता दोन्हीकडे जागा नाही. मला याची चुटपुट वाटते, कारण मचवा म्हटले की तिचा आकार डोळ्यांपुढे येतो, बोट म्हटल्यावर येत नाही.

एका ठिकाणी मात्र जुना, मोठा अर्थ टिकून आहे. 'मुलगा काय करतो?' या प्रश्नाला कोकणात 'बोटीवर असतो' असे उत्तर मिळाले, तर तो मासे मारायला गेलेला नसतो. कुठल्यातरी परदेशी जहाजावर, सहा-आठ महिन्यांच्या करारावर असतो.