चतुर्दशीची रात्र आणि पितरांची वाट

भुताखेतांची गंमत आणि पूर्वजांची आठवण एकाच सणात नांदू शकतात, हे आपल्याला अलीकडे परदेशाकडून कळू लागलं आहे. ऑक्टोबर संपत आला, की शहरांतल्या मॉलमध्ये भोपळ्याचे मुखवटे टांगले जातात. कुणी मेक्सिकोच्या 'मृतांच्या दिवसा'ला जाऊन येतो आणि कौतुकाने छायाचित्रं दाखवतो. हौसेला मोल नाही. पण शरद ऋतूतला असा सण ज्यांना पाहायचा आहे, त्यांना मी आधी सावंतवाडी तालुक्यातल्या आरोंद्याला जाऊन या, असं सुचवीन.

आरोंदा तेरेखोल नदीच्या काठावर आहे. पलीकडे गोव्याचा पेडणे तालुका. पूर्वी होडीने नदी ओलांडावी लागे, आता किरणपाणीला पूल आहे. नदी समुद्राला मिळते तिथे तेरेखोलचा किल्ला. तो उत्तर काठावर, म्हणजे आरोंद्याच्याच बाजूला आहे. पण १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी तो सावंतवाडीकरांकडून घेतला, म्हणून आजही तो गोव्यात मोडतो. हद्दी अशा आखल्या गेल्या, तरी घरातल्या रीती दोन्ही काठांवर पुष्कळशा सारख्याच राहिल्या.

या रीतींचा क्रम मोठा विचार करून लावल्यासारखा वाटतो. गणपती पाण्यात गेले, चाकरमानी मुंबईला परतले, की भाद्रपदाचा वद्य पक्ष लागतो. कोकणात याला 'म्हाळ' म्हणतात. 'महालय' शब्दाचं हे घरगुती रूप. एरवीच्या श्राद्धात बाप, आजा आणि पणजा अशा तीन पिढ्यांची नावं घेतात. म्हाळाला मात्र आईकडचे, सासरचे, आत्या, मावश्या, गुरू आणि मित्र अशा सगळ्यांची नावं येतात. एवढंच नव्हे, तर ज्याच्यामागे कुणीच उरलं नाही, त्याच्यासाठीही एक पिंड असतो. कावळ्यासाठी पान बाहेर ठेवायचं आणि तो शिवेपर्यंत घरातल्यांनी ताटकळायचं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं आहे.

हे आलेले पितर परत कसे जातात? धर्मशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत याचं उत्तर 'उल्कादान' या नावाने येतं. सर्वपित्री अमावास्येनंतर बरोबर एक महिन्याने दिवाळीची अमावास्या येते. त्या सुमाराला संध्याकाळी हातात पेटते पलिते धरून पितरांना परतीची वाट दाखवायची. ओडिशात आजही दिवाळीच्या संध्याकाळी तागाच्या काटक्या पेटवून थोरामोठ्यांना हाक घालतात. बंगालमध्ये नरक चतुर्दशीला 'भूत चतुर्दशी' म्हणतात. त्या दिवशी चौदा पालेभाज्या खायच्या आणि चौदा पिढ्यांच्या नावाने चौदा दिवे लावायचे. आपल्याकडेही चतुर्दशीला यमाची चौदा नावं घेऊन तर्पण करण्याची रीत आहे. म्हणजे दिवाळी हा केवळ लक्ष्मीचा सण नाही, पाहुण्या पितरांना उजेडात निरोप देण्याचाही आहे.

आता आरोंद्याची चतुर्दशी पाहा. आदल्या रात्री वाडीवाडीतली मुलं बांबूच्या कामट्या, गवत आणि रंगीत कागद यांचा नरकासुर उभा करतात. बाहेर आलेले डोळे, लांब जीभ, दात विचकलेले. रात्रभर तो मिरवायचा, लहान पोरांना घाबरवायचं आणि पहाटे जाळायचा. मग अभ्यंगस्नान, तुळशीपुढे पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं आणि घरोघरी पोह्यांचे नाना प्रकार खायचे. भीती रात्री अंगणात नाचते आणि सकाळी कडू कारटाच्या रसात संपते. मी एका घरी आकाशकंदिलाखाली बसलो असताना विचारलं, "आजी, हा दिवा इतका उंच कुणासाठी?" त्या म्हणाल्या, "आजो लावी होतो, म्हणान आमी लावतंव." मला याहून नेमकं उत्तर मिळालं नसतं.

भूत आणि पितर यांच्यात कोकणी माणसाने फार मोठी भिंत कधी बांधली नाही. आरोंद्याहून शिरोड्याकडे गेलं, की जवळच आरवली. तिथला वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. त्याची मूर्ती पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. त्याला केळ्यांचे घड आणि चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो, म्हणून त्याच्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा. भुतांच्या राजालाच इथे गावाचा पहारेकरी करून टाकलं आहे. या सगळ्यामागचा लोकविचार मला असा दिसतो: ज्याचं नाव घेतलं जातं, तो पितर; ज्याचं नाव घ्यायचं राहून गेलं, तो भूत.

नदीपलीकडच्या ख्रिस्ती घरांतही हाच विचार वेगळ्या रूपात भेटतो. २ नोव्हेंबरला, सर्व मृतात्म्यांच्या दिवशी, थडग्यांवर फुलं आणि मेणबत्त्या दिसतात. लग्नाआधी गोव्यात 'भिकाऱ्यांचं जेवण' घालण्याची चाल आहे. घरातल्या मृतांच्या नावाने गरिबांना पोटभर वाढायचं आणि मग मंगलकार्याला लागायचं.

युरोपातही भीती आणि आठवण पूर्वी शेजारीच होत्या. आयर्लंडमध्ये सुगी संपून हिवाळा लागतानाचा 'साउइन' हा जुना सण होता. त्या रात्री परलोकाचं दार उघडतं, अशी समजूत. पुढे चर्चने १ नोव्हेंबर संतांना आणि २ नोव्हेंबर मृतात्म्यांना दिला. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक ही रात्र घेऊन अमेरिकेत गेले. तिथे मुखवटे आणि मिठाई बाजारात गेली, प्रार्थना चर्चमध्ये राहिली. दोघींची ताटातूट झाली. मेक्सिकोत त्या एकत्र राहिल्या, आणि २००८ मध्ये युनेस्कोने त्या सणाची नोंद मानवजातीच्या वारशात केली. पण तिथेही मेक्सिको शहरातली प्रसिद्ध मिरवणूक २०१६ पासूनची आहे. २०१५ च्या एका जेम्स बाँड चित्रपटात ती आधी दिसली आणि मग प्रत्यक्षात निघाली!

ही ताटातूट आपल्या दाराशीही आली आहे. नरकासुर वर्षागणिक उंच होतो आहे, त्याच्या स्पर्धा लागतात, भिंती हादरतील असा आवाज असतो. त्याला माझी हरकत नाही. तरुण पोरं रात्रभर एकत्र राबतात, हे काय थोडं झालं? पण म्हाळाच्या दिवशी त्याच वाडीत फिरलं, तर कुलूप लावलेली घरं दिसतात. मुंबईतल्या खोलीत कावळ्यासाठी खिडकीवर घास ठेवला जातो, नावं घाईने उरकली जातात, आणि पणज्याच्या नावापाशी गाडी अडते. पणजीचं नाव तर बहुतेक घरांत कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

आपल्या पद्धतीप्रमाणे नाव विसरलेलं माणूस भूत होतं. मग या बंद घरांतली भुतं आपणच तयार केली, असं म्हणावं लागेल. उपाय अवघड नाही. यंदा गणपतीला गावी गेलात, की घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. बापाकडची, आईकडची, जमतील तितकी नावं विचारून लिहा. बायकांची आधी लिहा. जमलं तर दिवाळीला पुन्हा या आणि नरकासुर बांधणाऱ्या पोरांनाही ती वही दाखवा. पहाटे तो जळून गेल्यावर आकाशकंदील लावायचा असतोच. तो कुणासाठी लावतो आहोत, हे तेव्हा नावानिशी सांगता येईल.