माँटोनेतली सावली

आमच्या अमरावती जिल्ह्यात दोन गावांच्या नावाला एक शब्द कायमचा जोडला गेला आहे. यावली शहीद आणि बेनोडा शहीद. १९४२ च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सरकारच्या पोलिसांनी या गावांत गोळ्या झाडल्या. गावची साधी माणसे पडली. यावली हे तुकडोजी महाराजांचे जन्मगाव, पण त्या गावाची ओळख सांगताना आधी ‘शहीद’ हाच शब्द तोंडात येतो.

या दोन गावांच्या शेजारी आज मला एका कोकणातल्या मुलाचे नाव ठेवायचे आहे. नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातले पळसगाव हे त्यांचे गाव. ते पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली. हाताखालचे सगळे जवान ठार किंवा जायबंदी झाले. उरले एकटे घाडगे. ते मागे फिरले नाहीत, मशीनगनवरच धावून गेले. हातबाँबने गन आणि ती चालवणारा संपवला, टॉमीगनने आणखी एकाला पाडले. मॅगझीन बदलायला उसंत नव्हती. मग तीच बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांवर हाणली. मोर्चा हाती आला आणि दडून बसलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपले. वय अवघे बावीस. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो मरणोत्तर.

तरुणपणी हे वाचले तेव्हा माझ्या मनात अढी होती, कबूल करतो. ज्या सरकारने यावलीत गोळ्या घातल्या, त्याच सरकारची ही वर्दी! आपल्या पुस्तकांनीही मग या मुलांना फारशी जागा दिली नाही. इटलीत पन्नास हजारांवर हिंदी सैनिक लढले, ५,७८२ कामी आले. तिथल्या लढाईत वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतले सहा आपल्या जवानांचे. समोर मुसोलिनी-हिटलरची राजवट होती, हे मला बऱ्याच उशिरा उमगले.

‘शहीद’ हा शब्द अरबी. त्याचा मूळ अर्थ साक्षीदार. साक्षीदाराची वर्दी कोण बघतो?

घाडगे यांची कबर वा समाधी नाही. कॅसिनोच्या स्मारकावर, ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांवर नावांत त्यांचे नाव कोरले आहे. माणगावात पुतळा आहे. आणि २०२३ च्या जुलैत इटलीतल्या माँटोने गावाने त्यांच्या नावाने एक छायाघडी उभारली. सावली सरकते आणि वेळ कळते. तिच्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सारे एकाच सूर्याखाली. अकोल्याचा मे महिना काढलेल्या माणसाला सूर्याची ओळख करून द्यावी लागत नाही. पण त्याच्या उन्हात पळसगावच्या पोराची आठवण तिकडे रोज सरकत असेल, हे मनात आले की बरे वाटते.

मी इटली पाहिलेली नाही. गेल्या शब-ए-बारातला वडिलांच्या कबरीपाशी फातेहा वाचताना मी आणखी एक नाव मनात घेतले. असे चालते का, हे मौलवींना विचारले नाही.